डोळ्यांना बत्तीस, हाताला तेहतीस

१

आमच्याकडे कुणाची ऐपत किती, हे कुणी कुणाला विचारत नाही. सकाळी सात वाजता केडगावच्या रस्त्यावर उभं राहायचं आणि कुणाच्या दारात कुठली स्कूल बस थांबते ते बघायचं. झालं.

बस तशा सगळ्याच पिवळ्या. पण आमच्या किंग्जमेडो ग्लोबल स्कूलच्या बसवर दोन सिंह आहेत आणि त्यांच्या मधोमध एक उघडं पुस्तक. त्या पुस्तकावर काहीतरी लिहिलंय. ते आजवर कुणाला वाचता आलेलं नाही, त्यामुळे ते भारीच असणार अशी भीमेच्या अल्याड-पल्याडच्या दोन्ही तालुक्यांची खात्री आहे. चौफुल्याकडच्या दुसऱ्या शाळेनं घोडा आणला, तर आमच्या शाळेनं दोन आणले. त्यांनी फ्रेंच सुरू केलं, आमच्याकडे जर्मन आलं. त्यांनी मुलांना टाय दिला, आमच्याकडे टाय आणि वर ब्लेझर, तोही भर एप्रिलात. पोरं घामानं निथळतात, पण फोटो झकास येतात.

मी 'आमची शाळा' म्हणते, पण मी तिथली कोणी मोठी बाई नाही. मी बसवरची मावशी. नाव सुरेखा, शिक्षण बारावी. नवरा महेंद्र कुरकुंभला औषधाच्या कंपनीत ऑपरेटर. केडगावात रो-हाऊसची एक सोसायटी आहे, तिच्या मागच्या वस्तीत आम्ही राहतो. आमची बस केडगावहून निघते, पारगावला भीमेचा पूल ओलांडते आणि न्हावऱ्याच्या अलीकडे शाळेत पोचते.

पारगावचा एक रिक्षावाला आहे. बस त्याच्या घरावरूनच जाते. तरी तो रोज पोरीला उलटा केडगावात आणतो आणि रो-हाऊसच्या गेटवर उभी करतो. गेटवर चढलेलं पोर वेगळं आणि वस्तीवर चढलेलं वेगळं, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मी त्याला हसले नाही. माझी पिंकी तेव्हा पाच वर्षांची होती, अंगणवाडीत जात होती, आणि ती त्या गेटवरून बसमध्ये चढते आहे असं मी स्वतः रोज मनात बघत होते. शाळेचा नियमच होता तसा. कामावरच्या बाईचं एक वर्ष बिनतक्रार गेलं, रजिस्टर चोख राहिलं, तर तिच्या एका लेकराला शाळेत सीट. मी त्या नोकरीला लागले ती त्या एका सीटसाठी.

२

मावशीचं काम सांगायला सोपं. पोरं चढवायची, उतरवायची आणि मोजायची. झोपेत एखादं पोर बसमध्येच राहिलं तर शाळेचं नाव खराब होतं, म्हणून मोजायचा नियम फार कडक. जाताना एकदा, येताना एकदा. शिवाय बस रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं, आणि मग आकडा लिहून सही करायची.

बोट दाखवून मोजायचं नाही, ते असंस्कृत दिसतं, असं ट्रेनिंगच्या मॅडमनी सांगितलं होतं. म्हणून मी डोक्याला हात लावून मोजायचे. पारगावचा पूल जवळ आला की उठायचं, एका हातानं वरचा दांडा धरायचा आणि दुसरा हात एकेका डोक्यावर ठेवत पुढून मागं जायचं. नजर खिडकीबाहेर रस्त्यावर, कारण पुलाच्या तोंडाला खड्डे आहेत आणि आमचे ड्रायव्हर चांगदेव मामा खड्डा चुकवत नाहीत. एक, दोन, तीन, बत्तीस. यादीत बत्तीसच नावं होती. जून ते दिवाळी माझा हिशोब एकदाही चुकला नाही.

बत्तिसातला सगळ्यात अवली होता सत्यजीत. पारगावच्या सर्जेरावांचा मुलगा. सर्जेराव म्हणजे मोठे बागायतदार, गावच्या राजकारणातले, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकणारे. पोरगं दुसरीत. शाळेत डोक्याला तेल लावायला बंदी, कॉलर खराब होते म्हणून. पण त्याची आजी काही ऐकत नव्हती, त्याचं डोकं रोज चोपडलेलं. तो बसमध्ये चढला की तोंडानं ट्रॅक्टर चालू करायचा. आधी सेल्फ, मग इंजिन, मग चढाला गिअर बदलायचा. न्हावऱ्यापर्यंत तो ट्रॅक्टर बंद पडत नसे. मी ओरडायचे त्याला, पण खरं सांगते, मला त्यानं करमायचं.

३

नवीन पोर शाळेत आलं की त्याच्या डायरीत पहिले काही महिने काही नसतं. मग एक दिवस बाई हिरवा शिक्का मारतात: सेटल्ड. म्हणजे पोर रडायचं थांबलं, ताठ बसायला लागलं, इंग्रजीत बोलायला लागलं. या शिक्क्याचं आमच्याकडे जे काय चालतं ते बघण्यासारखं असतं. आया त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवतात. कुणाचं पोर किती दिवसांत सेटल झालं यावरून भावकीत अबोला धरतात. ज्यांच्या पोराला दिवाळीपर्यंत शिक्का मिळाला नाही, त्या घरचे दिवाळीला पाहुण्यांकडे जायचं टाळतात.

सत्यजीतला पहिल्या वर्षी शिक्का मिळाला नव्हता. सर्जेरावांना ते फार लागलं होतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि त्याच आठवड्यात मिळाला. सर्जेरावांनी पारगावच्या चौकात फ्लेक्स लावला. चि. सत्यजीत सेटल झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो, त्यातले तीन तर मला वाटतं शिक्का म्हणजे काय हेही न कळणारे.

दुसऱ्या दिवशी पोरगं बसमध्ये चढलं ते ओळखू येईना. केस जेल लावून बसवलेले, टाय सरळ. मला म्हणालं, "गुड मॉर्निंग, मॅम." मला कधी कुणी मॅम म्हटलं नव्हतं. मी त्याला पुढं खिडकीजवळ बसवलं आणि दिवसभर ते मॅम आठवून हसत राहिले.

पूल आला, मी मोजायला उठले. एक, दोन करत शेवटच्या सीटवर पोचले आणि तेहतीस झाले.

परत मोजायला वेळ नव्हता, पण माझा हात मला चिकट लागला. तळवा नाकाशी नेला तर खोबरेल तेलाचा वास. मी पुढं पाहिलं. सत्यजीत ताठ बसला होता आणि त्याच्या डोक्यावर तेलाचा थेंब नव्हता. शाळेत पोरं उतरली ती मी दारात उभी राहून मोजली. बत्तीस.

४

आमच्या घरात भूत-बित चालत नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि त्याच्यासमोर असलं काही बोलायची कुणाची छाती होत नाही. त्यामुळे मी आधी माझ्यातच खोट काढली. दवाखान्यात जाऊन बीपी तपासून घेतलं. ते माझ्यापेक्षा चांगलं निघालं. मग महेंद्रला सांगितलं. कंपनीत त्याचं सगळं काम आकड्यांचं, त्यामुळे तो लगेच खुलला. म्हणाला, एखादं डोकं दोनदा मोजत असशील, हाताला काय कळतंय. त्यानं उपाय काढला. बत्तीस गोळ्या घ्यायच्या, लिमलेटच्या. डोक्याला हात लावायचा नाही, प्रत्येकाच्या हातात एक गोळी ठेवायची. गोळी दोनदा संपत नाही, म्हणाला.

मला पटलं. मी गोळ्या घरी दोनदा मोजून नेल्या. पुलाजवळ उठले, दांडा धरला, नजर नेहमीसारखी रस्त्यावर. पोरं खूश, एकेक तळवा पुढं येत होता आणि मी गोळी ठेवत होते. शेवटची गोळी शेवटच्या सीटवरच्या चौथ्या पोराला दिली. पिशवी रिकामी झाली. हिशोब जुळला म्हणून मी मनातल्या मनात महेंद्रला शाबासकी दिली.

तेवढ्यात माझ्या रिकाम्या हाताला खालून एक तळवा लागला. लहान, उघडा, जरा मळका असावा असा खरखरीत. दोन बोटांनी तो माझ्या हातावर टकटक करत होता, माझी कुठाय असं विचारावं तसं.

मी वळून पाहिलं. शेवटची सीट पाच जणांची. चार पोरं गालात गोळ्या धरून बसली होती. खिडकीजवळची पाचवी जागा मोकळी होती.

त्यानंतर मी दोन्ही प्रकारे मोजून पाहिलं. डोळ्यांनी मोजलं की बत्तीस. नजर बाहेर ठेवून हातानं मोजलं की तेहतीस. रोज. यात काही फरक पडला नाही.

५

शेवटी चांगदेव मामांना विचारलं. मामा शाळेत पाच वर्षांपासून गाडीवर. मितभाषी माणूस, तंबाखू सोडून दुसरं व्यसन नाही. ते बराच वेळ काचेवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, बत्तीस लिवा. आदल्या मावशीनं तेहतीस लिवलं हुतं. तिला आदी डोळं तपासाया धाडलं आन् मंग घरी धाडलं."

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ड्रायव्हरच्या डोक्यावरचा मोठा आरसा, ज्यात मागची सगळी बस दिसते, तो मामांनी छताकडे वळवून ठेवलेला आहे. 

मी बत्तीस लिहिले. त्यात लबाडी काय, असं स्वतःला समजावलं. यादीत बत्तीस, चढले बत्तीस, उतरले बत्तीस. हाताचं कोण धरतं. आणि माझ्यापुढं पिंकीची सीट होती. एका आकड्यासाठी ती घालवायला मी काही खुळी नव्हते.

एकदा दुपारी केडगावला सगळी पोरं उतरली. मामा चहाला गेले होते. मी झाडून घेत मागं जात होते आणि मला ट्रॅक्टर ऐकू आला. रस्त्यावर असेल म्हणून मी वाकून बाहेर पाहिलं, तर रस्ता मोकळा. आवाज बसमध्येच होता, अगदी हळू, ओठातल्या ओठात. आधी सेल्फ. दोनदा मारल्यावर इंजिन लागलं. मग चढ आला असावा, त्यानं गिअर बदलला.

मी झाडू तिथंच ठेवला आणि खाली उतरले. उन्हात उभी राहिले तरी अंगावरचा काटा जाईना. आणि तरी माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल, तर पोरगं गाडी छान चालवतंय. भीती वाटायला हवी होती तेवढी वाटत नव्हती. जे मागं बसलं होतं ते चांगलं ओळखीचं होतं.

पुढं आणखी शिक्के पडले. जानेवारीत एकाला, मार्चमध्ये दोघींना. एप्रिलात माझ्या हाताला छत्तीस लागत होते. मी बत्तीस लिहीत होते आणि सही करत होते.

६

जूनमध्ये पिंकीला सीट मिळाली. पहिलीचा वर्ग, नाव तेजश्री महेंद्र असं पाटीवर. त्या दिवशी महेंद्रनं सुट्टी काढली आणि मी रडले. आमच्या अख्ख्या वस्तीतून त्या शाळेत गेलेली ती पहिली पोरगी. आम्ही तिला रो-हाऊसच्या गेटवर नेऊन उभी केली. रिक्षावाल्यानं आमच्याकडे बघून मान हलवली, बरोबरीच्या माणसाकडे बघून हलवतात तशी.

पिंकी म्हणजे तोंडाचा पट्टा. म्हैस दिसली की तिची चौकशी करणार, खांब दिसला की त्याला टाळी देणार. पहिल्याच दिवशी तिनं मामांना विचारलं, बसवरचे सिंह चावतात का, आणि चावत नसले तर मग त्यांचा उपयोग काय. मामा पहिल्यांदा हसले, तंबाखू गिळता गिळता वाचले. मी तिला पुढच्या सीटवर माझ्याजवळ बसवायचे. मागच्या सीटवर कधीच जायचं नाही, एवढं मात्र बजावून ठेवलं होतं. मला काहीच कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण जे कळत होतं ते पुरतं कळू द्यायचं नाही, याची मी काळजी घेत होते.

एक दिवस ती मान वळवून मागं बघत हसत होती. काय गं, विचारलं, तर म्हणाली, "मागं येक पोरगं टॅक्टर चालवतंय. लई मज्जा हाय त्याची." बाकीची पोरं समोर बघत ताठ बसली होती. सत्यजीतही.

जुलै गेला, ऑगस्ट गेला, शिक्का नाही. रिक्षावाल्याच्या पोरीला मिळाला. मला त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटायला लागली. बाईंना भेटले तर त्या गोड हसून म्हणाल्या, वेळ लागतो, घरात मराठी जरा कमी बोला. आम्ही लगेच मनावर घेतलं. रात्रीचं जेवण इंग्रजीत करायचं ठरलं. मी, महेंद्र आणि माझ्या सासूबाई, सोजरबाई, तिघं पंगतीला बसलो आणि ठेच्याला इंग्रजीत काय म्हणतात ते कुणालाच येईना, म्हणून कुणी कुणाला ठेचा वाढेना. पिंकी एकटी खो खो हसत होती. आमच्या घरात एवढं शांत जेवण कधी झालं नव्हतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिक्का मिळाला.

७

मी डायरी उघडली आणि तो हिरवा गोल बघितला, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. महेंद्रनं कुरकुंभला सगळ्या शिफ्टला पेढे वाटले. स्टेटसला फोटो लावला, त्यावर सर्जेरावांनी टाळ्या पाठवल्या. सर्जेरावांनी, आम्हाला. महेंद्र तो मोबाईल उशाशी घेऊन झोपला.

पोरगी खरंच बदलली. सकाळी हाक न मारता उठायची. दप्तर स्वतः भरायची. चमच्यानं जेवायची आणि एकही शीत सांडायची नाही. मला मम्मा म्हणायला लागली. पिंकी म्हटलेलं तिला आवडत नव्हतं, माझं नाव तेजश्री आहे, असं तिनं अगदी नम्रपणे सांगितलं. वाटेतल्या म्हशींकडे ती बघतही नसे. सासूबाई तिच्याकडे निरखून बघत होत्या. मग हसत म्हणाल्या, "कुनाची पोरगी आनलीस गं सुरेखा? लई शानी हाय. पर रातच्याला माझ्या कुशीत शिरंना." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. मला अभिमान वाटत होता आणि तो मी लपवत नव्हते.

शिक्क्याच्या दुसऱ्या दिवशी पूल आला तशी मी उठले. आता यादीत तेहतीस होते. पुढच्या सीटवर तेजश्री हाताची घडी घालून बसली होती. तिच्या डोक्याला हात लावला तर तिनं तो अलगद बाजूला केला, रिबन विस्कटते म्हणून. मी मोजत मागं गेले. तेहतीस पूर्ण झाले, पुढची तेलकट डोकी सुरू झाली. आता ती शेवटच्या सीटवर दाटीवाटीनं होती, एकमेकांना खेटून. खिडकीजवळच्या शेवटच्या डोक्यावर मी हात ठेवला.

मऊ केस, मधोमध वाकडा भांग, आणि टाळूवर शेजारी शेजारी दोन भोवरे.

सहा वर्षं ते डोकं मी न्हाऊ घातलंय. अंधारात दिलं तरी ओळखेन. माझी नजर बाहेर होती, भीमेचं पाणी उन्हात चमकत होतं, कुणीतरी काठावर मोटरसायकल धूत होतं. माझ्या हाताखाली ते डोकं जरासं वर उचललं गेलं आणि तळव्याला घासलं, ती लाडात आली की घासायची तसं.

मी हात काढला आणि पुढं येऊन बसले. रजिस्टरात तेहतीस लिहिले. दुसऱ्या दिवशीही तेहतीस लिहिले. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. प्रत्येक वेळी ते डोकं माझ्या हाताला घासत होतं आणि प्रत्येक वेळी मी पुढं येत होते. भास होता म्हणावं, तर हाताला तेलाचा वास होता. खरं म्हणावं, तर माझी पोरगी माझ्या शेजारी बसली होती. मी दोन्हीतलं काहीच म्हटलं नाही.

८

पाचव्या दिवशी दुपारी शेवटच्या स्टॉपवर, रो-हाऊसच्या गेटवर, बस थांबली. सगळी पोरं उतरली. तेजश्री उतरून गेटजवळ सावलीत उभी राहिली, दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाय जुळवलेले. मी बस तपासायला मागं निघाले. मामांनी इंजिन बंद केलं नव्हतं.

ट्रॅक्टर चालूच होता, ओठातल्या ओठात. त्याची मला सवय झाली होती. पण त्याच्या आवाजावर दुसरा आवाज आला, बारीक आणि भांडखोर.

"सरक की जरा. माझा पाय दाबतूयास."

मी मधल्या दांड्याला धरून उभी राहिले. नजर खिडकीबाहेर वळवली. का वळवली ते सांगता येणार नाही. बघितलं तर काही राहणार नाही, एवढं कळत होतं.

"आये," ती म्हणाली. "तू रोज हात लावतीस आन् फुडं जातीस."

मामा पुढून हळू आवाजात म्हणाले, "ताई, उतरा." मी ऐकलं नाही.

"ती खाली हुबी हाय, ती माझ्या ताटात जेवती का?"

"व्हय," मी म्हणाले.

"आजीजवळ निजती?"

"न्हाई. येकलीच निजती."

त्यावर तिला बरं वाटलं असावं. ती सीटच्या रेक्झिनवर बोटं वाजवत राहिली. मग तिनं विचारलं. रागानं नाही, हट्टानंही नाही, आज शाळेतून आल्यावर काय करायचं असं विचारावं तसं.

"मंग आज घरी कुनाला न्हेतीस? मला का तिला?"

याचं उत्तर एका शब्दाचं होतं. कुठल्याही आईनं प्रश्न संपायच्या आत ते दिलं असतं. मी खिडकीतून खाली पाहिलं. रो-हाऊसमधल्या एका बाईंनी तेजश्रीला काहीतरी विचारलं होतं आणि ती मान वर करून, न अडखळता इंग्रजीत उत्तर देत होती. बाई कौतुकानं हसल्या. त्यांनी तिच्या गालाला हात लावला. या बाईंनी सव्वा वर्षात माझ्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. मला महेंद्रचा चेहरा आठवला, उशाशी ठेवलेला मोबाईल आठवला. या पोरीला कधी कुणाच्या बसमध्ये रजिस्टर घेऊन उभं राहावं लागणार नाही. ती जिथं जाईल तिथं लोक उठून उभे राहतील. मला वाटलं, जरा विचार करू. मला खरंच तसं वाटलं. मी विचार केला.

किती वेळ, ते मला ठाऊक नाही. मामा म्हणतात, वेळ असा गेलाच नाही, त्यांनी गाडी बंद करून चावी काढली तेवढाच.

इंजिन थांबलं तशी मी भानावर आले.

"तुला," मी म्हणाले. "तुला गं, पिंके. चल."

मी डोळे गच्च मिटले आणि हात पुढं करून मागं गेले. तेलकट डोकी लागली. एक, दोन, तीन, एकेक मी चाचपलं. सत्यजीतनं ट्रॅक्टर थांबवला होता. सगळी पोरं श्वास धरून बसल्यासारखी निश्चल होती. मी खिडकीजवळच्या जागेवर पोचले आणि हात खाली नेला. हाताला रेक्झिन लागलं. ते कोमट होतं.

मी सीटखाली हात घातला. पुढच्या सीटमागं घातला. पुन्हा पहिल्या डोक्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा त्याच रिकाम्या जागेवर आले.

"पिंके," मी हाक मारली. "पिंके, अगं कुठं हायस तू? घरी जायचंय आपल्याला."

दारातून, पायरीवरून, स्वच्छ आणि अगदी अदबीनं उत्तर आलं.

"येस, मम्मा," तेजश्री म्हणाली. "आय अ‍ॅम हिअर."